सिंधुआत्याच्या माश्या

सिंधुआत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होते. सुप्याहून सुटलेली बस नगरच्या अलीकडे कुठेतरी होती, शेजारच्या सीटवरच्या बाई मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडत होत्या, आणि बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "आत्या गेली गं. जेवून जरा पडली होती, उठलीच नाही. तू घाई करू नकोस, सावकाश ये." मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून खिडकीची जागा मला दिली... आत्याच्या घरी पोचले तेव्हा माणसं जमली होती. तिचा मोबाईल फ्रीजवर चार्जिंगला लावलेला होता आणि मधूनमधून वाजत होता. कुणीतरी म्हणालं, तो बंद करा. मी उचलला. सकाळपासून सात फोटो आले होते, सातही माश्यांचे. एकाखाली लिहिलं होतं, 'आत्या, जरा लवकर बघा.'

हे वाचून कुणाला विचित्र वाटेल म्हणून सांगते. माझी आत्या, म्हणजे बाबांची सगळ्यात थोरली बहीण, वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत फोटो बघून माश्या ओळखत होती. साध्या घरमाश्या नव्हेत. दुसऱ्या किड्यांच्या अंगावर अंडी घालणाऱ्या, ज्यांची पिल्लं त्या किड्याला आतून खाऊन मोठी होतात अशा परजीवी माश्या. जिल्ह्यातले रेशीम करणारे, मका करणारे शेतकरी तिला फोटो पाठवायचे. कारण या माश्यांचं असं आहे, की मक्यावरच्या लष्करी अळीला मारणारी माशी शेतकऱ्याला हवी असते, आणि तिच्याच घराण्यातली उझी माशी रेशमाच्या शेडमध्ये शिरली तर आख्खी बॅच घेऊन जाते. दिसायला दोघी जवळपास सारख्या, करड्या आणि केसाळ. आलीय ती पाहुणी की चोर, हे आत्या सांगायची. गेली तीन वर्षं तिची उत्तरं टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. आणि त्या फोनवरून एकदा, तिला न विचारता, तिच्या नावानं मी चुकीचं उत्तर पाठवलं होतं. त्या उत्तरामुळे पाथर्डीकडच्या एका घराचं काय झालं, हे आत्या गेली तोवरही मला माहीत नव्हतं. वर्षभर मी ते त्या घरी विचारलंच नव्हतं.

आत्याचं आयुष्य फोटोंत गेलं, पण ती कधी कॅमेऱ्यामागे उभी राहिली नाही. दिल्लीगेटच्या आत एका गल्लीत तिच्या यजमानांचा, आमच्या काकांचा, स्टुडिओ होता आणि त्याच्यावर घर. काका फोटो काढायचे, आत्या रिटचिंग करायची. हे काम आता फार थोड्यांना माहीत असेल. निगेटिव्ह एका उतरत्या काचेवर ठेवायची, खालून उजेड द्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या शिसपेन्सिलीनं माणसाच्या चेहऱ्यावरचे डाग, मुरमं, देवीचे व्रण, नको असलेले केस एकेक करून घालवायचे. आयुष्यातली उमेदीची सगळी वर्षं तिनं हेच केलं. नगरमधल्या निम्म्या लोकांची लग्नं हिच्या पेन्सिलीमुळे जमलीत, असं काका म्हणायचे. त्यामुळे तिची बघायची पद्धतच वेगळी झाली होती. कुणाच्या लग्नाला गेली, की समोरच्याशी बोलताना ती त्याच्या डोळ्यांत बघायची नाही, हनुवटीकडे बघायची. "या बाईंचा तीळ मी त्यांच्या लग्नात काढला होता," असं माझ्या कानाशी लागून म्हणायची. "आता परत आलाय बघ."

माश्या तिच्याकडे आल्या त्या फजितीतून. काका होते तेव्हाची गोष्ट. राहुरीकडचा एक शेतकरी काडेपेटीत मेलेली माशी घेऊन स्टुडिओत आला. त्यानं नवीनच रेशीम सुरू केलं होतं, अळ्या मरत होत्या, आणि रेशीम खात्यातल्या कुण्या साहेबांनी माशीचा मोठा फोटो मागवला होता. काकांनी लेन्सला नळ्या जोडून फोटो काढला. निगेटिव्ह वर आली. आत्यानं ती काचेवर ठेवून पाहिली तर माशीच्या अंगभर राठ केस, तोंडावर केस, पाठीवर मळकट पट्टे. कुणी सांगितलं नसताना तिनं दुपारभर बसून ते सगळं साफ केलं. एक केस ठेवला नाही. पाठ तर नवरदेवाच्या गालासारखी गुळगुळीत करून दिली. आठवड्यानं तो शेतकरी परत आला, हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं.

"ताई, साहेब इचारतेत, हिची दाढी कुनी केली?"

माशी ओळखतात ती नेमकी त्या केसांवरून. कुठे किती राठ केस आहेत, पाठीवर किती पट्टे आहेत, पाठीच्या टोकाला जो छोटा त्रिकोण असतो त्याच्याखाली फुगवटा आहे की नाही, यावरून. आत्यानं नेमकं तेच सगळं पुसलं होतं. दुसरं कुणी हा किस्सा चारचौघांत सांगून हसलं असतं आणि सोडून दिलं असतं. आत्याला तो लागला. तिनं त्या शेतकऱ्याकडून साहेबांचा पत्ता घेतला, माफीचं पत्र लिहिलं आणि खाली विचारलं, की मी नक्की काय काय घालवलं ते कळवाल का. साहेबांनी माशीचं हातानं चित्र काढून, बाण दाखवून पाठवलं. ते चित्र तिनं रिटचिंगच्या टेबलावर चिकटवून ठेवलं होतं. एकदा मी तिला म्हटलं, की आपण जे आयुष्यभर पुसत आलो तीच दुसऱ्या कुणासाठी खूण असते, हे किती छान आहे नाही. आत्या म्हणाली, "जास्त अर्थ काढत बसू नकोस. माझी फजिती झाली होती. म्हणून शिकले."

काका गेले, स्टुडिओ बंद झाला, सगळ्यांच्या हातात कॅमेरे आले, आणि माश्यांचे फोटो वाढले. मी शिक्षण संपवून सुप्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले त्या सुमाराला आत्या रेशीमवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर होती आणि व्हॉइस मेसेज करून करून तिचा घसा बसत होता. बाबा म्हणाले, शनिवार-रविवार तिच्याकडे जात जा, तिला टाइप करून दे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणऐंशी म्हणजे किती, हे मला अजून मनात इंग्रजी करून बघावं लागतं. आत्याला याची फार गंमत वाटायची. पण माश्यांची सगळी माहिती इंग्रजीत होती, तिथे मी उपयोगाची ठरले. मी वाचायचे आणि जमेल तसं मराठी करायचे, "शरीरावर जाड, ताठ, राठ केस," आणि ती म्हणायची, "एवढं लांबण कशाला? कुसळं म्हण." मग ते कुसळं झालं. मला वाचता यायचं पण फोटोत दिसायचं नाही. तिला दिसायचं. ती माझं बोट धरून पडद्यावर नेऊन ठेवायची, हे बघ, इथे कुसळं संपतात, आणि बोट उचललं की ते खरंच तिथे असायचं.

तिची पद्धत ठरलेली होती. एका फोटोवर ती कधीच काही सांगायची नाही. तीन हवेत: पाठीचा, बाजूचा आणि तोंडाचा. आणि एक प्रश्न ठरलेला: उजेड कुठून होता? लोक कावायचे. एकानं तर वैतागून विचारलं होतं, की आत्या, माशीला काय लग्नाला उभं करायचंय का. दुसऱ्या एकानं चपलेनं मारलेल्या माशीचा फोटो पाठवला. आत्यानं मला लिहायला सांगितलं, 'हा माशीचा फोटो आहे की पापडाचा, तेवढं आधी कळवा.' सगळ्यात जास्त वेळा मी जे वाक्य टाइप केलं ते होतं, 'फोटोवरून सांगता येत नाही.' सुरुवातीला मला ते लिहायची लाज वाटायची. एवढा वेळ घेऊन शेवटी हेच सांगायचं? आत्याला अजिबात वाटायची नाही. मोबाईलवर एक ॲप निघालं होतं, ते कुठल्याही माशीला झटकन नाव द्यायचं. आत्यानं गंमत म्हणून त्याला भिजवलेल्या मनुक्याचा फोटो दाखवला. त्यानं मनुक्यालाही नाव दिलं. आत्या दिवसभर खूश होती.

मंगलताई गटावर आल्या त्या दोन-अडीच वर्षांपूर्वी. पाथर्डीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. तिकडची बरीच घरं दसरा झाला की ऊसतोडीला बाहेर पडतात, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि परत येतात ती उन्हाळ्यात. मंगलताई लग्न झाल्यापासून दरवर्षी गेल्या होत्या. मग शेततळं झालं, त्यांनी एकरभर तुती लावली, रेशमाच्या अळ्यांसाठी शेड उभं केलं, आणि घरात सांगून टाकलं, की थोरली दहावीला जाईल त्या वर्षी कोयता उचलायचा नाही, रेशमावर राहायचं. हे सगळं त्यांनी आत्याला व्हॉइस मेसेजमधून सांगितलं होतं. त्यांचे मेसेज लांबलचक असायचे. मागे शेळ्या, मिक्सर, मुलीचं पाठांतर, सगळं ऐकू यायचं. आत्या ते जेवताना रेडिओसारखे लावायची.

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आत्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मंगलताईंची थोरली त्याच वर्षी दहावीला होती. डॉक्टरांनी आत्याला आठ दिवस मोबाईल बघायचा नाही म्हणून बजावलं. मी रजा काढून तिच्याकडे राहिले. मग आमचं काम उलटं सुरू झालं. मी फोटो बघून वर्णन करायचं आणि तिनं काळ्या चष्म्याआड डोळे मिटून ऐकायचं.

"कुसळं आहेत?"

"आहेत. पोटाच्या शेवटापर्यंत."

"फुगवटा?"

"दिसत नाही."

"दिसत नाही, की नाहीये?"

या शेवटच्या प्रश्नाला मी दर वेळी अडायचे. मग ती म्हणायची, लिही, बाजूचा फोटो पाठवा.

सोमवारी दुपारी ती डोळ्यात थेंब घालून झोपली होती, तेव्हा मंगलताईंचा फोटो आला. शेडच्या जाळीच्या आत एक माशी सापडली होती. फोटो एकच, पाठीचा. त्यांच्या अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या, थोड्याच दिवसांत कोष करायला बसणार होत्या. मी फोटो मोठा केला आणि पट्टे मोजले. उझीच्या पाठीवर चार पट्टे असतात. घाणीवर बसणारी जी मांसमाशी असते तिच्या पाठीवर तीन, आणि ती रेशमाच्या अळीला काही करत नाही. मी तीन मोजले. परत मोजले, तीनच. आत्याला उठवावं असं वाटलं आणि उठवू नये असंही वाटलं... दोन वर्षं मी दुसऱ्याची उत्तरं लिहीत होते. हे एक माझं मला आलं होतं. मी लिहिलं, 'मांसमाशी आहे. रेशमाला धोका नाही.' फोन आत्याचा, म्हणून नाव आत्याचं. मंगलताईंनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

आत्याला मी हे बुधवारी संध्याकाळी सांगितलं, थोडं मिरवतच. ती खिचडी खात होती. "किती फोटो होते?" तिनं विचारलं. एक, मी म्हटलं. "उजेड कुठून होता?" मी फोन उघडून पाहिलं. एका बाजूनं, दारातून. आत्यानं ताटली खाली ठेवली. उझीच्या पाठीवरचे मधले दोन पट्टे अरुंद असतात, त्यांच्यामधली जागा पांढुरक्या भुकटीनं भरलेली असते, आणि उजेड बाजूनं आला की ती भुकटी दिसेनाशी होते. दोन पट्टे मिळून एक दिसतो. हे तिला माश्यांवरून नाही, तोंडाला पावडर लावून फोटोला बसणाऱ्या बायकांवरून ठाऊक होतं. मी तिथल्या तिथे मंगलताईंकडे दुसरा फोटो मागितला. तो आला. चार.

उझी अळीच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढं पांढरं अंडं घालते. ते फुटायला दोनेक दिवस लागतात. तोवर औषधाची पावडर मारली तर अळी वाचते, एकदा फुटून पिल्लू आत शिरलं की त्या जागी काळा डाग उरतो आणि मग काही करता येत नाही. तेच दोन दिवस मी घालवले होते. आत्यानं लगेच फोन लावला. "मंगल, मी बोलतेय. नीट ऐक. ती उझी आहे. आधी अळ्या बघायला घे... काळे डाग पण दिसतात? बरं. चूक माझी झाली. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना मी उत्तरच द्यायला नको होतं." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "आत्या, ते तर मी..." ती म्हणाली, "खिचडी गार झाली. जरा गरम कर."

माझी रजा संपली, शुक्रवारी मी कामावर गेले. संध्याकाळी परत आले तर आत्या बाहेर जायच्या साडीतच आडवी झाली होती आणि काळ्या चष्म्याच्या कडांना धूळ बसली होती. "डॉक्टरांकडे जाऊन आले," ती म्हणाली. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होते. धूळ मला दिसली, पण मी काही विचारलं नाही.

त्यानंतर मंगलताईंचे मेसेज गटावर यायचे थांबले. दसरा झाला, दिवाळी झाली. सुप्याच्या रस्त्यावर भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि माणसं भरलेले ट्रक पुण्याच्या बाजूला जायला लागले, आणि मी कंपनीच्या बसमधून ट्रकमधल्या बायकांचे चेहरे बघायला लागले. मंगलताईंचा चेहरा मी कधी पाहिलेलाच नव्हता. एकदा मी आत्याला विचारलं, की त्यांचं पुढे काय झालं. आत्या म्हणाली, "तिलाच विचार की. नंबर आहे ना तुझ्याकडे." नंबर होता. मी तो कितीदा उघडून बंद केला ते सांगत नाही. याच काळात आत्यानं आणखी एक सुरू केलं. माशी मी ओळखली असली, तिनं नुसती मान हलवली असली, तर म्हणायची, "खाली तुझं नाव लिही." मी हो म्हणायचे आणि लिहायचे नाही. तिला कळायचं. पुढच्या वेळी ती परत सांगायची, तेवढ्याच शांतपणे, जसं एखाद्याला चहात साखर हवी का विचारावं.

आत्या गेली ती यंदाच्या श्रावणात. गटावर मी तिच्याच फोनवरून कळवलं, दोन ओळींत. त्या सात फोटोंचं उत्तर मला देता आलं नाही. लोकांनी हार घातलेली चित्रं पाठवली, एकानं आपल्या कोषांचा फोटो पाठवला आणि लिहिलं, 'आत्यांमुळे.' तेराव्यानंतर एका दुपारी तिचा फोन वाजला. पडद्यावर मंगलताईंचं नाव होतं. मी तो वाजून जाऊ द्यायच्या बेतात होते, तरी घेतला.

"कोन बोलतंय?"

"मी नेहा. आत्याची भाची."

"तुमीच व्हय त्या. आवाज कदी ऐकलाच न्हाई तुमचा." मग म्हणाल्या, "दहाव्याला यायचं हुतं वो. पर अळ्या शेवटच्या टप्प्यात, पाल्याला दुसरं कुनी न्हाई. त्यास्नी काय सुतक कळतंय?" मी "असू द्या" म्हटलं. त्या म्हणाल्या, "या एकदा हिकडं. आत्याचं सामान हाय माज्याकडं. बगून तरी जा."

आत्याचं सामान मंगलताईंकडे कसं असेल, हे मला कळेना. माझ्या माहितीत त्या दोघी कधी भेटलेल्याच नव्हत्या. पुढच्या रविवारी एसटीनं पाथर्डीला आणि तिथून जीपनं गावाला गेले. वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. ती सगळी 'मंगलताई, मला तुम्हाला एक सांगायचंय' अशी सुरू व्हायची आणि तिथेच थांबायची. त्या रस्त्यावर येऊन उभ्या होत्या, ठेंगण्या, डोक्याला फडकं, बोटं पाल्यानं हिरवी झालेली. "लई बारीक हायसा. कंपनीत जेवाय देत न्हाईत काय?" म्हणाल्या. चहा झाला. मी आत्याच्या सामानाचं विचारलं तर म्हणाल्या, "चला, शेडात हाय."

शेडच्या दाराला बारीक जाळी होती आणि जाळीच्या आत जाड काळा पडदा. मंगलताईंनी तो उचलला, आम्ही आत गेलो, आणि त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. "हितंच थांबा. मागचा पडल्याबिगर फुडचा उचलायचा न्हाई." दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा होती. पुढ्यात दुसरा पडदा. अंधाराला डोळे सरावले तसं त्यावरचं चित्र दिसायला लागलं. निळं तळं, त्यात दोन हंस, पलीकडे खांबांचा बंगला, वर गुलाबी ढग. आईबाबांचा लग्नानंतरचा पहिला फोटो काकांच्या स्टुडिओत या हंसांसमोर काढलेला आहे. आमच्या घरातल्या प्रत्येकाचा एक तरी आहे.

"हा इथे कसा?"

"कसा म्हंजे? आत्यानं आनला. मागल्या साली ती उझी घुसल्ती न्हाई का, तवा. बुदवारी फोन आला आन् सुक्रवारी बाई ष्ट्यांडवर हजर. डोळ्याला काळा चष्मा, डोक्यावर पदर आन् येष्टीच्या टपावर ह्ये गाठुडं. आमचे मालक आनाय गेल्ते. त्ये मला हळूच म्हनले, ह्या बाई सर्कशीतल्या हायेत का." मंगलताई हसल्या. "दीसभर बसली हितं. तिला कुटं दिसतंय? आमची थोरली एकेक अळी बगून सांगायची, ठिपका हाय, न्हाई, आन् ही म्हनायची, ठेव, काड, ठेव, काड. सांच्याला ह्ये पडदं बांदून घेतलं. म्हनली, आमच्या फोटोच्या काळ्या खोलीला असंच असतंय. एक पडदा उजेडासाटी आन् दुसरा इसरभोळ्या मानसासाटी."

त्या अंधारात, त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता म्हणूनच बहुतेक, मी विचारलं, "मग बॅचचं काय झालं?"

"निम्मी गेली. निम्मी ऱ्हायली. त्याच्या फुडली समदी आली."

"आणि तुम्ही... तोडीला?"

"न्हाई गेलो. थोरली पास झाली की. आता अकरावीला जीपनं जाती पाथर्डीला."

 मी म्हटलं, "मंगलताई, ते पहिलं उत्तर आत्यानं दिलं नव्हतं."

"म्हाईत हाय."

"ते मी..."

"म्हाईत हाय म्हनलं ना. आत्यानंच सांगितलं, हितं उभं ऱ्हाऊन. म्हनली, भाचीच्या हातनं झालंय. पोरगी हुशार हाय पर तोंड उगडत न्हाई. तू चार शब्द बोललीस तर ती परत कुनाला काय सांगायची न्हाई. आन् मी काय तुमाला जल्मभर पुरनार न्हाई." मग म्हणाल्या, "चिडले हुते मी. खोटं कशाला सांगू, लई चिडले हुते. दोन दीस घास गेला न्हाई. गटावर काय बोलायलाच नको म्हनलं, तोंडातनं काय तरी निगंल. पर तिला सबूद दिल्ता."

"वर्षभर मला का नाही काही बोललात?"

"तुमी कुटं इचारलं?" मंगलताई म्हणाल्या. "मी वाट बगत हुते की."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी नुसतं "आता ऱ्हाऊ द्या" म्हटलं आणि हंसांचा पडदा बाजूला केला. आत मांडण्यांवर, तुतीच्या पाल्यावर, हजारो पांढऱ्या अळ्या खात होत्या आणि सगळीकडून बारीक चुरचुर ऐकू येत होती. मंगलताईंनी खिडकीतली काचेची बाटली माझ्या हातात दिली. तिच्यात एक माशी होती. "काल भायेरच्या जाळीवर घावली. मी म्हनते उझी, मालक म्हनत्यात न्हाई. सांगा आता." मी बाटली घेऊन दाराच्या उजेडाकडे तोंड केलं, मग पाठ केली. पाठीचा फोटो घेतला, बाजूचा घेतला, तोंडाचा घ्यायला बराच वेळ लागला. कुसळं शेवटपर्यंत. त्रिकोणाखाली फुगवटा. पट्टे चार, दोन्हीकडच्या उजेडात चार.

"उझी आहे," मी म्हटलं.

"मग टाका गटावर. आन् खाली नाव लिवा तुमचं. न्हाईतर लोकं म्हनत्याल, आत्या वरनं मेसेज करती."

आम्ही दोघी हसलो. मी तिथेच, रचलेल्या पाल्याच्या फांद्यांशेजारी उभी राहून, माझ्या स्वतःच्या नंबरवरून फोटो टाकले आणि लिहिलं, 'ही उझी आहे. पाथर्डीकडे दिसू लागली आहे. जाळ्या तपासून घ्या. नेहा.' थोड्या वेळात तिघाचौघांनी अंगठे दाखवले. मग एकानं विचारलं, 'ताई, माझी पण बघता का?' आणि एकच फोटो पाठवला. मी त्याला आणखी दोन मागितले.

निघताना मी पुढे होते. हंसांचा पडदा उचलून मधल्या जागेत आले आणि तो सोडून दिला. तो फडफडत नाही, सरळ खाली येतो, कारण त्याच्या खालच्या दुमडीत आत्यानं फिल्मच्या रिकाम्या डब्या वाळू भरून शिवल्या आहेत. वाकून हात लावला तर एकेक डबी बोटांना लागत होती, आणि तिचे बारीक, एकसारखे टाके. एका कोपऱ्याशी पडदा जमिनीपासून थोडा वर अडकला होता. तो सोडवून खाली टेकवला, नीट टेकला का ते पाहिलं, आणि मग बाहेरचा उचलला.